१,४२,८५७ : एका संख्येचा शोध



तासगावचा बेदाणा मुलांच्या परिचयाचा असल्यामुळे आरंभ त्यापासूनच करणे सोयीचे. दहा लक्ष बेदाणे सात घरांत सारखे वाटावयाचे झाले, तर प्रत्येक घरास १,४२,८५७ मिळतात व एक उरतो. हा उरलेला एक बेदाणा ध्यानात ठेवावा. पुढे त्याचेच काम आहे.

१४२८५७ ला २ ने गुणिले असता २८५७१४ येतात. ३ ने ४२८५७१, ४ ने ५७१४२८, ५ ने ७१४२८५ आणि ६ ने ८५७१४२. दर वेळी तेच सहा अंक, त्याच क्रमाने. केवळ आरंभाची जागा निराळी. ७ ने गुणिले की मात्र ९९९९९९.

हा खेळ फळ्यावर दाखविला की मुले टाळ्या वाजवितात आणि पुष्कळदा तास तेथेच संपतो. एखादा मुलगा “असे का?” म्हणून विचारतो, तेव्हा “ही संख्येची जादू” एवढेच उत्तर त्यास मिळते. ही मोठीच हानी होय. कारण खरे उत्तर त्या मुलाच्या पाटीवर असते. दहा लक्षांस ७ ने भागताना पायरीपायरीने ३, २, ६, ४, ५ आणि शेवटी १ अशी बाकी राहते. ७ ने भागल्यास शून्याखेरीज सहाच बाक्या संभवतात, आणि येथे त्या सहाही येऊन जातात. तिप्पट म्हणजे तीस लक्षांचा भागाकार. तो बाकी ३ होती त्या पायरीवरूनच जणू सुरू होतो. म्हणून पहिला अंक ४. शिक्षकाने हे सांगून टाकू नये. मुलांकडून भागाकार करवून बाक्यांखाली रेघा ओढवाव्यात. नंतर १३ घ्यावेत. तेथे बारांपैकी सहाच बाक्या येतात, ०७६९२३ हे अंक मिळतात आणि दुप्पट करताच १५३८४६ असे निराळेच अंक दिसतात. हा फसलेला खेळही अवश्य दाखवावा.

याच संख्येचा दुसरा गुण देवळाली येथील एका शाळाशिक्षकाच्या नावाने ओळखला जातो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचा जन्म डहाणूचा. पदव्युत्तर पदवी नसताना, अध्यापन सांभाळून, त्यांनी संख्यांचे गुणधर्म शोधले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्या कार्याविषयी लिहिले. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन भाग करून बेरीज घेतली असता मूळ संख्याच परत येते, ती कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५. २० व २५ मिळून ४५. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. २०४०८ व १२२४४९ मिळून १४२८५७.

याचेही कारण प्राथमिक शिक्षकाच्या आवाक्यातले आहे. संख्येतून १ वजा करता १४२८५६ उरतात, म्हणजे ७ × २०४०८. म्हणून १४२८५७ × १४२८५६ हा गुणाकार ९९९९९९ × २०४०८ एवढा होतो. त्यात १४२८५७ मिळविले की वर्ग तयार. आता ९९९९९९ म्हणजे दहा लक्षांस एक कमी. तोच उरलेला बेदाणा. तेव्हा वर्गात २०४०८ वेळा दहा लक्ष आले आणि २०४०८ जास्त धरले गेले. ते १४२८५७ मधून वजा केले की उजवा भाग १२२४४९ राहतो. डाव्या भागात जितके आहेत, तितकेच उजवीकडे कमी झाले. मग बेरीज मूळ संख्येएवढी होणारच.

४५ साठीही हेच : ४५ × ४४ = ९९ × २०. ५५ व २९७ या संख्या वरच्या वर्गातील मुलांकडे सोपवाव्यात. २९७ च्या वेळी ९९ ऐवजी ९९९ लागतात, एवढे मात्र आधी सांगू नये.