राष्ट्राध्यक्षाला जाब कोण विचारणार?



अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष चुकला तर त्याला जाब कोण विचारतो? आणि सामान्य माणूस राजकारणावर जी चर्चा करतो, तिला त्यात काही स्थान आहे काय? हे दोन प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत. विषय परदेशचा आहे, पण आपल्याला परका नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे ठेवताना बाबासाहेबांनी अमेरिकन आणि संसदीय या दोन पद्धतींची तुलना केली होती. अमेरिकन पद्धत स्थैर्य अधिक देते, संसदीय पद्धत जबाबदारी अधिक देते, असे त्यांनी दाखवून दिले. संसदेत प्रश्न, ठराव आणि अविश्वासाचा प्रस्ताव यांच्या द्वारे सरकारची झडती रोज होते. अमेरिकेत ही रोजची झडती नाही. म्हणून मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला पसंती दिली.

मग अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष चार वर्षे मोकाट असतो काय? तसेही नाही. १७८७ साली तयार झालेल्या तेथील घटनेत महाभियोगाची तरतूद आहे. देशद्रोह, लाचखोरी किंवा तशाच गंभीर अपराधासाठी प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने आरोप ठेवते आणि सिनेट खटला चालविते. शिक्षेसाठी सिनेटमध्ये दोन तृतीयांश मते लागतात. १८६८ साली अँड्र्यू जॉन्सन, १९९८ साली बिल क्लिंटन आणि २०१९ व २०२१ साली डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर असे आरोप ठेवले गेले. चारही वेळा सिनेटमध्ये सुटका झाली. जॉन्सन तर एका मताने वाचले.

हे ऐकून विद्यार्थी म्हणतील, की मग हे शस्त्र बोथटच म्हणायचे! याचे उत्तर रिचर्ड निक्सन यांच्या प्रकरणात आहे.

१७ जून १९७२ च्या पहाटे वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत, विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत शिरलेले पाच जण पकडले गेले. रात्रपाळीच्या एका पहारेकऱ्याला दाराच्या कुलपावर लावलेली चिकटपट्टी दिसली आणि त्याने पोलिसांना बोलावले. त्या साध्या नोकरदाराने आपले काम चोख केले नसते, तर पुढचे काही घडले नसते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात निक्सन ५० पैकी ४९ राज्ये जिंकून पुन्हा निवडून आले. पण बहुमत मिळाले म्हणजे अपराध धुऊन निघत नाही. १९७३ साली सिनेटच्या समितीपुढील साक्षी दूरदर्शनवर दाखविल्या गेल्या. लोक घरोघरी त्या पाहू लागले, त्यावर वाद घालू लागले. त्याच साक्षींत उघड झाले, की राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीतील संभाषणे ध्वनिफितींवर नोंदविली जात होती.

२० ऑक्टोबर १९७३ रोजी, या फिती मागणाऱ्या विशेष सरकारी वकिलाला निक्सन यांनी बडतर्फ करविले. तो आदेश पाळण्याऐवजी अॅटर्नी जनरल इलियट रिचर्डसन यांनी राजीनामा दिला. त्यानंतर वॉशिंग्टनवर नागरिकांच्या तारांचा अक्षरशः पाऊस पडला. तीनच दिवसांत निक्सन यांना त्या फिती देण्याचे कबूल करावे लागले. तार पाठविणाऱ्यांत कोणी मोठा पुढारी असावाच लागतो असे नाही. चार ओळी लिहिण्याइतकी जाण आणि धैर्य मात्र लागते.

२४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० मतांनी निकाल दिला, की उरलेल्या फितीही द्याव्या लागतील. त्याच आठवड्यात प्रतिनिधिगृहाच्या न्याय समितीने महाभियोगाची तीन कलमे मंजूर केली. पहिल्या कलमाच्या बाजूने २७ मते पडली, विरुद्ध ११. त्या २७ मध्ये निक्सन यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे सहा सदस्य होते, ही गोष्ट आपण नीट ध्यानात घ्यावी. ९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन पायउतार झाले. खटला उभा राहण्यापूर्वीच शस्त्राने आपले काम केले होते.

त्या समितीत टेक्सासच्या बार्बरा जॉर्डन या कृष्णवर्णीय सदस्या होत्या. घटना लिहिली गेली तेव्हा 'आम्ही लोक' या शब्दांत आपला समावेश नव्हता, याची आठवण त्यांनी २५ जुलैच्या भाषणात करून दिली आणि तरीही त्या घटनेवरील आपली श्रद्धा पूर्ण आहे, असे निक्षून सांगितले. ज्यांना शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्या समाजाला या शब्दांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. काल बाहेर ठेवलेला माणूस आज घटनेचा राखणदार होतो, हे घटनेचे सामर्थ्य आहे.

पण कथा येथे संपत नाही. ८ सप्टेंबर १९७४ रोजी नवे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी निक्सन यांना पूर्ण माफी दिली. खुर्ची गेली, पण न्यायालयात जाब द्यावा लागला नाही. पुढे २०२१ साली ट्रम्प यांच्या दुसऱ्या महाभियोगात सिनेटमध्ये ५७ सदस्यांनी त्यांना दोषी ठरविले, पण ६७ मते हवी होती. १ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी राष्ट्राध्यक्षांना अधिकृत कृत्यांबाबत फौजदारी खटल्यापासून मोठे संरक्षण दिले. म्हणजे कायद्याची वाट अरुंद झाली आणि नागरिकाची जबाबदारी वाढली.

आपल्याकडे खरी सत्ता मंत्रिमंडळाची, आणि ते घटनेच्या ७५ व्या कलमाप्रमाणे लोकसभेला जबाबदार आहे. पण २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी दिलेला इशारा दोन्ही देशांना लागू पडतो. राजकारणातील भक्ती अधःपाताकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांनी बजावले होते. नेत्याविषयी कृतज्ञता असावी, पण स्वाभिमान गहाण टाकून नव्हे.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, राजकारणावर चर्चा अवश्य करा. वाचनालयात करा, चाळीत करा, विहाराच्या आवारात करा. मात्र ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, मूळ कागद वाचा. विरोधकाला जो गज लावता, तोच आपल्या माणसालाही लावा. त्या सहा सदस्यांनी तेच केले. आणि बोलून थांबू नका. अर्ज लिहा, प्रतिनिधीला भेटा, मत द्या. जाब विचारणारा नागरिक जागा असेल, तरच घटनेतील कलमे जिवंत राहतात.

जयभीम!