डोलेमाइटची वाणी

१९७० च्या सुमारास लॉस एंजेलिसमधील ध्वनिमुद्रिकांच्या एका दुकानात रूडी रे मूर हा गृहस्थ नोकरीस होता. जन्म १९२७ चा, आर्कान्सा प्रांतातला. गायन, नृत्य, विनोद, सारे करून झाले होते. चाळिशी उलटली, तरी नाव झाले नव्हते. दुकानात येणारा रिको नावाचा एक निराधार मनुष्य डोलेमाइट या बढाईखोर वीराच्या यमकबद्ध कथा सांगत असे. मूरने त्या मिळवल्या, घोटल्या आणि स्वतःच्या घरी मित्रमंडळींसमोर ध्वनिमुद्रित केल्या. बिचाऱ्या रिकोच्या वाट्याला त्यातले कितीसे श्रेय आले असेल, ही शंका मला बोचते.

त्या कथांतील भाषा येथे उच्चारण्याजोगी नाही. माझ्या वर्गात तर नाहीच नाही! परंतु त्या ग्राम्यतेच्या बुडाशी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ‘टोस्ट’ नामक जुने मौखिक काव्य होते. ठेक्यावर बोलणे, प्रतिस्पर्ध्यास शब्दांनी लोळविणे, हाच त्याचा प्राण. १९७५ साली मूरने पदरचे पैसे घालून ‘डोलेमाइट’ चित्रपट काढला. त्यात काही ठिकाणी ध्वनिग्राहकच चौकटीत डोकावतो. प्रेक्षक तरीही लोटले.

पुढे त्याचा बहर ओसरला. मात्र हिप-हॉपच्या तरुण गायकांनी त्या मुद्रिका ऐकल्या होत्या. ‘टू लाइव्ह क्रू’सारख्यांनी त्याच्या आवाजाचे तुकडे आपल्या गाण्यांत जडविले. १९९० मध्ये बिग डॅडी केनने तर त्याला आपल्या मुद्रिकेवर यमकांच्या सामन्यासाठीच पाचारण केले. मूर तेव्हा त्रेसष्टीत होता, आणि शिव्यांची सर त्याने मुळीच आवरती घेतली नाही.