मूस फुटल्याचं शेठला कधी कळतं?



जबलपूरच्या सराफ्यात मला अध्यक्षपदाचा मान दिलात. विषय दिलाय नेतृत्व आणि व्यवस्थापन. यावर बोलायला सहसा टाय लावलेला माणूस बोलावतात. तुम्ही भट्टीवरचा बोलावलात, तेव्हा भट्टीचंच ऐकावं लागेल.

विटा, खानापूर, आटपाडी, पलीकडं माण-खटाव. पावसानं पाठ फिरवली म्हणून तिथली पोरं घराबाहेर पडली आणि देशभरच्या सराफ्यांत सोनं-चांदी गाळायला बसली. सराफ्यावर संकटं काय कमी आली? 1963 साली सुवर्ण नियंत्रणानं 14 कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी आली आणि सोनारांच्या चुली विझल्या. 2016 मध्ये उत्पादन शुल्काविरुद्ध सराफे महिनाभराहून जास्त बंद राहिले, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटबंदी. 2021 पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचं हॉलमार्किंग आलं. काही गाळे यातून टिकले, काही मोडले. भांडवल हे एक कारण खरंच. पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: वाईट बातमी मालकापर्यंत किती लवकर पोचते.

मूस तडकली की रस भट्टीच्या राखेत उतरतो. त्या क्षणी भट्टी थांबवली, राख वेगळी काढली, कुटून, चाळून, धुऊन पुन्हा गाळली, तर बहुतेक सोनं हाती येतं. झाडलोटीची धूळ आणि हात धुतलेलं पाणीसुद्धा न सोडणारी आपली जात, राखेतलं सोडू होय? पण शिव्यांच्या भीतीनं पोरानं गप्प बसून रात्री तीच राख कचऱ्यात टाकली, तर ते सोनं कायमचं गेलं. मूस काय, कुणाच्याही हातून फुटते. बुडवते ती पोराची भीती, आणि ती भीती शेठनं घातलेली असते.

जपानात टोयोटाच्या कारखान्यात साध्या कामगारालाही दोरी ओढून चालू काम थांबवता येतं. दोरी काय, उद्या आपणही बांधू. ओढणाऱ्यावर कुणी खेकसायचं नाही, हे अवघड.

आपल्याकडं तर आणखी एक गाठ आहे. गाळ्यात नोकर नसतो. भाचा असतो, पुतण्या असतो, नाहीतर गावचा कुणीतरी. 'आपण सगळे घरचेच' हे वाक्य मी फार ऐकलंय, आणि ते बहुधा पगाराची तारीख टळल्यावर ऐकू येतं. घरच्या माणसाला तर तोंड उघडणं जास्तच जड. मामापुढं भाचा काय बोलणार? म्हणून घरच्यालाही हिशेब चोख हवा. माल घेताना आणि देताना वजन दोघांसमोर व्हावं, काट्याचे आकडे पोरालाही दिसावेत, घट त्याच दिवशी वहीत चढावी आणि खाली त्याची सही असावी. घट पगारातून कापणारे शेठ आपल्यात आहेत. इथंही बसले असतील. रागावलात तर रागवा, पण कापलेली घट पुढच्या खेपेला लपवलेली घट होते, एवढं वहीतच तपासून बघा.

आणि पोरगं तयार झालं की त्याला अडवू नका. समोरच्या गल्लीत त्यानं स्वतःची भट्टी लावली, तर पहिला माल तुम्हीच द्या. बंदच्या काळात आपल्याला उधारीनं कोण सांभाळतं, हे मी वेगळं सांगायला नको.

आता अशी एक गोष्ट, जी कुणी मंचावरून बोलत नाही. सोन्यातली चांदी-तांबं ॲसिडात विरघळताना तपकिरी धूर निघतो. तो नाकाला झोंबतो, आणि कधीकधी त्रास काही तासांनी, रात्री झोपेत सुरू होतो. पोरगं सकाळी खोकतं आणि 'सर्दी झालीय' म्हणतं. हीसुद्धा लपवलेली फुटकी मूसच.

म्हणून अध्यक्ष या नात्यानं ठराव मांडतो. ॲसिडचं काम जिथं चालतं, तिथं धूर ओढून घेणारं हूड आणि पंखा बसवावा. धूर गल्लीत न सोडता अल्कलीच्या द्रावणातून धुऊन बाहेर काढावा. भट्टीवरच्या प्रत्येकाच्या छातीची तपासणी दरवर्षी व्हावी. हा सगळा खर्च मालकानं करावा, पोराच्या पगाराला हात लावू नये.

सूचक मी. अनुमोदन कोण देतंय?