नकाशातील मैदान



'लहान शहरातील सार्वजनिक सोयींची योजना' हा विषय जाहीर झाला, तेव्हा हे काम इंजिनियरांचे, त्यात आमच्यासारख्यांनी काय बोलावे, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. नळ कोठून न्यावा हे इंजिनियरने सांगावे. परंतु तो आधी कोणाच्या दारी पोचावा, हे नागरिकांनी सांगावयास हवे.

याबाबतीत एक जुनी हकीकत सांगण्याजोगी आहे. पॅट्रिक गेडिस हे वनस्पतिशास्त्राचे स्कॉटिश प्राध्यापक १९१४ साली हिंदुस्थानात आले. पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात त्यांनी समाजशास्त्र शिकविले. त्यापूर्वी होळकरांच्या इंदूरसाठी त्यांनी नगररचनेचा अहवाल तयार केला. तो १९१८ साली प्रसिद्ध झाला. शहरात तेव्हा प्लेगची दहशत होती. गेडिस यांनी दिवाळीला मोठी मिरवणूक काढविली आणि जो भाग लोक स्वच्छ करतील त्याच भागातून ती जाईल, असे जाहीर केले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमाही होती. झाले! गल्लीगल्लीतून कचऱ्याच्या गाड्या निघू लागल्या. आधी गावाची पायी हिंडून पाहणी करावी, मग योजना आखावी, असा गेडिस यांचा आग्रह असे. सरळ रस्त्यासाठी जुनी वस्ती सरसकट पाडणे त्यांना मान्य नव्हते.

आता आपल्या दाराशी येऊ. महाराष्ट्रात १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आहे. त्याप्रमाणे नगरपालिका शहराची विकास योजना तयार करते. शाळा, दवाखाना, मंडई, मैदान, बाग यांसाठी नकाशावर जागा राखून ठेवल्या जातात. प्रारूप प्रसिद्ध होते आणि लोकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात. त्या वेळी कोण पुढे येतो? ज्याची जमीन आरक्षणात गेली तो येतो, आणि त्याने यावे हे योग्यच आहे. परंतु ज्या मुलांसाठी ते मैदान राखले, त्यांच्या वतीने कोणीच येत नाही.

पुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. योजना अंमलात आल्यापासून १० वर्षांत जागा ताब्यात आली नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतरच्या ठराविक मुदतीतही संपादनाची पावले पडली नाहीत, तर ते आरक्षण संपते. यात मालकाला दोष देऊन चालणार नाही. त्याने आपली जमीन किती वर्षे अडकवून ठेवावी? नगरपालिकेची तिजोरी लहान असते, हेही खरे. रोख रकमेऐवजी विकास हक्क देण्याची वाट कायद्यात आहे, पण मालकाशी वेळेवर बोलणी करावी लागतात. सगळ्याच जागा घेणे शक्य नसेल, तर आधी कोणती, हे ठरवावे लागते. ते ठरविण्याचा आग्रह आम्ही-आपण धरला नाही, म्हणून दहा वर्षे निघून जातात. मग एके दिवशी तेथे इमारतीचा पाया खणलेला दिसतो आणि आपण हळहळतो.

आधी कोणती, याला आमचे माप साधे आहे. सहा वर्षांचे मूल मोठा रस्ता न ओलांडता शाळेत जाऊ शकते काय? म्हातारी आजी रिक्षाचे पैसे न देता दवाखाना गाठू शकते काय? ज्या पेठेत उत्तर 'नाही' येईल, तेथली जागा आधी घ्यावी.

म्हणून आमची विनंती एवढीच, की प्रत्येक पेठेतील चारदोन मंडळींनी विकास योजनेचा नकाशा घेऊन एक रविवार आपला भाग पायी हिंडावा. कोणत्या जागा राखल्या होत्या, त्यांवर आज काय आहे आणि दहा वर्षे केव्हा भरतात, याची यादी करावी. ती यादी अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी आपल्या नगरसेवकांच्या हाती द्यावी आणि पुढच्या वर्षी तिचा जाब विचारावा.