आजोबा भारताचे, नातू अमेरिकेचा



पुण्याच्या क्रिकेटचा विषय निघाला की आरंभ प्रा. दि. ब. देवधरांपासून करावा लागतो. स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणाऱ्या या गृहस्थांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने 1939-40 आणि 1940-41 असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. त्याच मातीत पुढे वसंत रांजणे घडले. रणजीतील पदार्पणातच त्यांनी सौराष्ट्राचे 9 गडी अवघ्या 35 धावांत बाद केले. 1958 ते 1964 या काळात ते भारताकडून 7 कसोटी सामने खेळले. त्यांचा नातू शुभम पुण्यातच जन्मला, मुंबईकडून रणजी खेळला आणि 2025 साली आंतरराष्ट्रीय मैदानात उतरला तो अमेरिकेच्या गणवेशात!

यावर काहींच्या भुवया उंचावतात. परंतु राष्ट्रनिष्ठेची परीक्षा इतकी स्वस्त करू नये. मुंबईचा सौरभ नेत्रावळकर 2010 च्या युवा विश्वचषकात भारताकडून खेळला. मुंबईकडून रणजीचा एकच सामना त्याच्या वाट्याला आला. 2015 मध्ये तो संगणकशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेला, अभियंता म्हणून नोकरी करू लागला आणि 6 जून 2024 रोजी डॅलस येथे त्याच्याच सुपर ओव्हरने पाकिस्तानला धूळ चारली. त्या रात्री त्याला परका मानणारे मराठी घर विरळाच असेल.

दक्षिण आफ्रिकेच्या रग्बीलाही हीच गळती लागली आहे. रँडपेक्षा पौंड, युरो आणि येन जड, म्हणून तेथील तरुण इंग्लंड, फ्रान्स, जपान गाठतात. पण त्या देशाने त्यांच्यासाठी दार उघडे ठेवले. चेस्लिन कोल्बे 2017 मध्ये फ्रान्समधील तुलूझ क्लबकडे गेला आणि 2019 चा विश्वचषक मायदेशासाठी जिंकून बसला. आपल्याकडे मात्र परदेशी लीगमध्ये खेळायचे तर भारतीय क्रिकेटमधून निवृत्ती पत्करावी लागते. युवा विश्वविजेत्या संघाचा कर्णधार उन्मुक्त चंद याने 2021 मध्ये तेच केले. गेलेल्याने परतूच नये, अशी ही व्यवस्था!

तरीही खरी चिंता गेलेल्यांची नाही. नेत्रावळकरच्या हाती अभियांत्रिकीची पदवी होती, म्हणून त्याला दुसरा रस्ता सापडला. ज्याने दहावीपासून शाळा केवळ हजेरीपुरती ठेवली, ज्याच्या वडिलांनी कर्ज काढून किट घेतले, आणि ज्याला तेविसाव्या वर्षी संघात जागा नाही असे कळते, तो कोठे जाणार? रेल्वे, बँका, गिरण्या एके काळी खेळाडूला पोटाशी धरीत. गिरण्या बंद पडल्या, बँकांतील खेळाडूंची भरती आटली. आयपीएलची बोली लागते ती मूठभरांची. बाकीचे ‘अजून एक हंगाम’ म्हणत वय वाढवतात.

पुण्यातील प्रत्येक क्लबने आपल्या सतरा वर्षांच्या मुलांची यादी काढावी आणि त्यांच्यापैकी किती जण नियमित महाविद्यालयात जातात, एवढेच त्यांच्या पालकांसमोर बसून विचारावे.