दोन काळ्या पुडी



सूप घेऊन तांदूळ पाखडणाऱ्या बाईस रसायनशास्त्र येतें असें म्हटलें, तर ती हंसेल. पण मिश्रण वेगळें करण्याचें बहुतेक शास्त्र त्या सुपांत सामावलेलें आहे. कोंडा हलका म्हणून उडतो, तांदूळ जड म्हणून राहतो. तांदळाच्याच वजनाचा नि आकाराचा खडा निघाला, कीं सुपाचें कांहीं चालत नाहीं. तो रंगावरून ओळखून बोटांनीं वेंचावा लागतो. वेगळें करावयाचें तर दोहोंत कोठेंतरी फरक हवा, आणि तो कोणता हें आपणांस आधीं ठाऊक हवें. हें मीं तीस वर्षें मुलांना शिकविलें. एके दिवशीं मात्र मी स्वतःच तें विसरलों, आणि त्याची खूण माझ्या डाव्या भुंवईवर अजून आहे.

मी भंडारा जिल्ह्यांतील करडीचा राहणारा, शिक्षण मॅट्रिकपर्यंत. आमचा मुलूख धानाचा आणि तळ्यांचा. परंतु जिल्ह्याच्या उत्तरेस, तुमसर तालुक्यांत, चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें मँगॅनीजच्या खाणी आहेत. तें काळें, जड खनिज दगडांतून हातानें वेंचीत; त्या कामावर बायकाही असत. डोंगरीच्या खनिजांत मँगॅनीज डायऑक्साईडचें प्रमाण चांगलें असल्यामुळें विजेरीच्या सेलसाठीं त्याला मागणी असते.

आतां शाळेंतला प्रसंग. प्राणवायु तयार करून दाखवावयाचा होता. पोटॅशियम क्लोरेट तापविलें म्हणजे त्यांतील प्राणवायु सुटतो. त्यांत थोडें मँगॅनीज डायऑक्साईड मिसळलें, तर तो कमी उष्णतेवर सुटतो, आणि हें डायऑक्साईड शेवटीं होतें तेवढेंच उरतें. लग्न जुळवून देऊन स्वतः ब्रह्मचारी राहणाऱ्या मध्यस्थासारखें. क्लोरेटची बाटली कपाटांत होती, काळ्या पुडीची मात्र रिकामी. तेव्हां एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच त सांगतलं, विजेरीच्या सेलात हेच असते म्हणून. मंग इकत कायले आणाचं?"

कल्पना मला मोठी नामी वाटली. त्यानें जुना सेल फोडून काळी पूड आणली. आम्हीं ती पाण्यांत ढवळली आणि गाळली. सेलमधील नवसागर पाण्याबरोबर निघून गेला. गाळणकागदावर राहिली ती काळीभोर पूड वाळविली. मिश्रणाचा पाठही आयताच झाला म्हणून मी खूष होतों. ती पूड क्लोरेटमध्यें मिसळून मीं परीक्षानळी दिव्यावर धरली.

अर्धें मिनिटही झालें नसेल. डोळे दिपविणारा लोळ उठला, बार झाला आणि टेबलावर कांचांचा सडा पडला. एक तुकडा माझ्या भुंवईंत रुतला. मुलांपैकीं कोणास इजा झाली नाहीं. पण यांत माझें शहाणपण कांहीं नव्हतें. त्या दिवशीं छप्पर गळत होतें, म्हणून पुढची रांग मागें सरकून बसली होती.

कारण मला नंतर उमगलें. मँगॅनीज डायऑक्साईडमधून वीज नीटशी वाहत नाहीं. म्हणून सेल बनवितांना त्यांत कर्बाची बारीक पूड मिसळतात. दोन्ही पुडी काळ्या, आणि दोन्ही पाण्यांत न विरघळणाऱ्या. गाळणकागदाला त्यांतला भेद कळण्याचें कारण नव्हतें. मला कळावयास हवा होता. क्लोरेटमधून प्राणवायु सुटला, शेजारींच तापलेला कर्ब होता, आणि दोघांची एका क्षणांत गांठ पडली. सोरा, कोळसा आणि गंधक यांची बंदुकीची दारू उडते, तीही अशीच. घरोघरीं जुने सेल पडलेले असतात, म्हणून मुद्दाम सांगतों: मुलांना असले प्रयोग करूं देऊं नयेत.

हा भेद पाहावयाचा तर रंगाच्या खालीं, अणूपर्यंत उतरावें लागतें. टॉमसन यांनीं १८९७ मध्यें इलेक्ट्रॉन दाखवून दिला आणि १९११ मध्यें रदरफोर्ड यांनीं अणूच्या मध्यभागचें इवलेंसें, जड केंद्रक. पुस्तकांत केंद्रकाभोंवतीं इलेक्ट्रॉनांचीं वर्तुळें काढतात. तें हुबेहूब चित्र नव्हे, पण मोजदादीस पुरतें. कर्बाच्या अणूंत ६ इलेक्ट्रॉन, त्यांतले ४ बाहेरच्या कवचांत. मँगॅनीजच्या अणूंत २५. त्यांची मांडणी २, ८, १३, २ अशी. प्राणवायूच्या बाहेरच्या कवचांत ६ असतात आणि ८ पुरे करण्याची त्याला ओढ असते. डायऑक्साईडमध्यें ही ओढ मँगॅनीजच्या इलेक्ट्रॉनांनीं भागलेली असते. सेलमधला कर्ब मात्र मोकळा असतो, आणि तापला म्हणजे प्राणवायूवर तुटून पडतो. हा फरक सुपाला कळत नाहीं, कागदाला कळत नाहीं; अग्नीला कळतो. मोहरीएवढें मिश्रण आधीं उघड्या पत्र्यावर तापवून पाहण्याची जुनी खबरदारी आहे. तेवढी घेतली असती, तरी एका ठिणगीवर भागलें असतें.

खाणीवरची बाई दगडांतून खनिज वेंचते, तें मिश्रण वेगळें करणें. पण त्या खनिजांतल्या मँगॅनीजला प्राणवायूपासून सोडविणें हें वेंचण्याचें काम नव्हे. तें संयुग आहे. त्यासाठीं भट्टींत कोक घालतात, आणि तो कर्बच प्राणवायूला ओढून नेतो. माझी नळी फोडणारी ओढ तेथें लोखंडाच्या कारखान्यांचें काम करते.

पुढच्या आठवड्यांत नागपुराहून शुद्ध पूड मागविली. त्या वेळीं मोहरीएवढी आधीं तापवून पाहिली, हें सांगावयास नकोच. बाटलींत भरलेल्या प्राणवायूंत विझती काडी भपकन् पेटली. नळींतला अवशेष पाण्यांत ढवळून गाळला. पोटॅशियम क्लोराईड पाण्याबरोबर गेलें, काळी पूड कागदावर राहिली. ती वाळवून गांवच्या सोनाराच्या कांट्यावर तोलली. घातली होती १ ग्रॅम. भरली किंचित् कमी.

"बाकीची कुठं गेली, गुरुजी?" त्याच मुलानें विचारलें.

मीं गाळणकागद खिडकींत उन्हावर धरला. घडीच्या रेघेंत एक बारीक काळा धागा दिसत होता.