शेवटचं कडवं कुठाय?

(वस्तीतल्या युवक शिबिरात केलेले भाषण)



आधी एक कबुली देतो. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी एका इंग्रजी गाण्यावर घाम गळेपर्यंत नाचलो होतो. गाणं होतं ‘गिमी होप जोआना’. चाल अशी की पाय आपोआप उचलतात. मला वाटलं, जोआना म्हंजे कुणीतरी गोरी पोरगी, आणि हा बाबा तिच्या मागं लागलाय.

फार वर्षांनी कळलं, जोआना म्हंजे जोहान्सबर्ग. सोन्याच्या खाणींवर वाढलेलं शहर, आणि त्याच्या आडून दक्षिण आफ्रिकेचं वंशभेदी सरकार. काळ्यानं कुठं राहायचं, कुठल्या शाळेत बसायचं, हे तिथं कायदा ठरवत होता. खिशात पास नसेल तर माणूस स्वतःच्याच देशात गुन्हेगार. गावकुसाबाहेर जगलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १९७६ साली सोवेटोतली शाळकरी पोरं रस्त्यावर आली. मालकाची भाषा आमच्यावर लादू नका, एवढंच म्हणत होती. पोलिसांनी त्यांना गोळ्या घातल्या.

हे गाणं १९८८ सालचं. करणारा एडी ग्रँट, गयानात जन्मलेला, लंडनमध्ये वाढलेला काळा माणूस. त्यानं या सरकारला बाई केलं आणि तिच्याकडंच आशा मागितली. सोन्याच्या पैशातून बंदुका घेणारी बाई, शेजाऱ्यांच्या हद्दीत घुसणारी बाई! आणि हे सगळं नाचाच्या ठेक्यावर. रडगाणं माणूस एकदा ऐकतो, नाचाचं गाणं शंभरदा. तिथल्या सरकारला अर्थ बरोब्बर कळला. त्यानं गाण्यावर बंदी घातली. ज्याच्याविरुद्ध गाणं होतं त्याला कळलं, नाचणाऱ्या मला नाही! १९९४ साली काळ्यांनी मतदान केलं आणि ते राज्य गेलं. पुढं ब्रिटनमध्ये त्याच चालीवर दह्याच्या पेयाची जाहिरात झाली. बाजार असाच असतो. चाल ठेवतो, अर्थ थुंकून टाकतो.

आता घरचं बघा. अण्णा भाऊ साठ्यांची ‘माझी मैना’. ही छक्कड. मुंबईत पोटासाठी आलेला गडी, गावाकडं राहिलेली त्याची बायको, तिच्या रूपाचं वर्णन. शिट्ट्या पडतात. पण पुढं ही ताटातूट महाराष्ट्राची होते. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांची नावं येतात. ज्या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसं मेली, त्या लढ्याचं हे गाणं.

आमच्या भागात एका ऑर्केस्ट्रात ते ऐकलं. मैनेचं रूप झालं, टाळ्या झाल्या, गाणं संपलं. बेळगाव गायब! गाणाऱ्याला विचारलं, तर म्हणाला, ‘पब्लिकला तेवढंच पायजे.’

पब्लिक म्हंजे कोण? आपणच की!

नाचा, जरूर नाचा. भीमराव कर्डकांच्या जलशानंही तमाशाचाच बाज घेतला आणि त्यातून बाबासाहेबांचा विचार वस्त्यावस्त्यांत नेला. हसवणं, नाचवणं हे आपलं हत्यारच आहे. पण हत्यार कशासाठी हातात घेतलंय ते विसरलं की उरतो नुसता ठणठणाट. येत्या जयंतीला डीजेसमोर उभे राहाल तेव्हा एवढंच करा. गाणं संपलं की विचारा, शेवटचं कडवं कुठाय? कापलेलं असतं ते तेच.

जय भीम.